पलीकडून अकरा

१

शुक्रवारी दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या कामावरून आले की मी आधी संडास मोकळा करायची, मग कोपरापर्यंत हात घासून धुवायची आणि मगच शब्बाथच्या मटणाला लागायची. इस्राएलच्या वाळवंटातल्या येरुहाम गावातल्या त्या घरात सात वर्षं हाच क्रम होता. आठवडाभर पाणी हळूहळू उतरेनासं होई, शुक्रवारी काठाला लागे, आणि ते उतरवणं घरात फक्त मलाच जमत असे.

माझा नवरा मेनाशे मुंबईला रेल्वेत माल-कारकून होता. येरुहामला आल्यावर काचेच्या कारखान्यात बाटल्या खोक्यांत भरायचा. त्याला घाण वास सहन होत नसे. मी दांडा हातात घेतला की हा नाकाला रुमाल लावून बाहेर पायरीवर जाऊन बसायचा आणि तिथून विचारायचा, "जूडिथ, झालं का गं?" तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, मनात अरे-तुरे. पंधरा वर्षांच्या संसारात त्याने एक खिळा सरळ ठोकल्याचं मला आठवत नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तेही मी मनातल्या मनात त्याच्याच खाती टाकलं होतं.

रबरी टोपीच्या त्या दांड्याला इथे पोम्पा म्हणतात. आमच्या आळीतले लोक तो मुसळासारखा वापरायचे. दणादण मारायचं, घाण भिंतीवर उडवायची आणि मग घरबांधणी कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. मी ठाण्याच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. मला कोणी दाखवावं लागलं नाही, दोन शुक्रवारांत कळलं. टोपी पाण्यात पूर्ण बुडायला हवी. तिच्या कडेला बोटभर व्हॅसलीन फिरवायचं. तिरपी उतरवायची, म्हणजे आत हवा राहत नाही. न्हाणीच्या जाळीत ओलं फडकं कोंबायचं, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. पहिला दाब हलका, पुढचे नऊ एकसारखे, आणि शेवटी एक जोराचा हिसका.

तुंबतं कशामुळे, तेही मला माहीत होतं. आमच्या डोक्यावर राहणारी मोरोक्कोची गेउला बटाट्याची सालं, कॉफीचा गाळ, उरलेलं कुसकुस म्हणजे त्यांचा रव्याचा भात, सगळं संडासात ओतायची. कासाब्लांकाला म्हणे त्यांच्याकडे नोकर होते. असतील. सालं कुठे टाकायची तेवढं नोकरांनी सांगितलं नव्हतं.

१९७१चा उन्हाळा होता. त्या शुक्रवारी मी दहा दाब मारले, हिसका दिला, टोपी बाजूला घेतली आणि पाण्याकडे बघत उभी राहिले. पाणी उतरलं नाही. थोडा वेळ नुसतं थांबलं. मग ते आपोआप दोन बोटं वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं. मी शाळेतल्या सवयीने मोजलं. अकरा वेळा.

मग घळघळ आवाज झाला आणि भांडं रिकामं झालं.

२

मला भीती वाटली नाही. राग आला.

आमची इमारत दुमजली होती. तळमजल्यावर दोन घरं, एक आमचं आणि एक शेजारचं, आरशात बघितल्यासारखी उलटसुलट. दोन्ही न्हाणीघरांमध्ये एकच भिंत आणि जमिनीखाली दोघांचा एकच पाईप. शेजारचं घर आम्ही आलो तेव्हापासून रिकामं होतं. तेव्हा हिशेब सरळ होता. तिथे कोणीतरी राहायला आलं होतं, त्यांचंही तुंबलं होतं, आणि मी माझ्या बाजूने घाण ढकलली की ती बया तिच्या बाजूने परत माझ्याकडे ढकलत होती. वर माझ्यापेक्षा एक दाब जास्त. म्हणजे भांडायची खुमखुमी.

'बया' म्हणते, कारण मला ती बाईच वाटली. पुरुष एवढा चिकाटीने पोम्पा मारत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम सात मारले. पलीकडून आठ आले. पंधरा मारले, सोळा आले. भिंतीला कान लावला तर आतून रबर सुटल्याचा तो ओला आवाज येत होता, पच्, पच्, अगदी तालात. मला त्या बाईची कीव आली. ताल चांगला होता, पण ती ओढतच नव्हती, नुसती ढकलत होती. असल्या बायकांचं घर कधी मोकळं होत नाही.

त्या संध्याकाळी किद्दुश, म्हणजे शब्बाथची प्याल्यावरची प्रार्थना, झाल्यावर मी मेनाशेला म्हटलं, "शेजारी माणसं आलीत. एक दिवस शालोम म्हणायला आली नाहीत. भारतातली नसणार."

"शेजारी?" मेनाशेने भाकरीचा तुकडा तसाच धरला. "तिथे कोणी नाही आलं."

"तुम्हाला काय कळतंय? मी ऐकलंय."

"दाराला कुलूप आहे, जूडिथ. मी रोज कामावर जाताना बघतो. कुलपावर वाळू साचलीय. उघडलं असतं तर ती पडली असती."

माणूस नोकरीत पुढे का गेला नाही ते अशा वेळी कळायचं. ज्याला कुलपावरची वाळू दिसते, त्याला बढतीचा कागद दिसत नाही.

"मागच्या बाजूने येत-जात असतील," मी म्हटलं.

मागच्या बाजूला दार नव्हतं. ते मलाही माहीत होतं.

३

रविवारी मी गेउलाला जिन्यात गाठलं. ती जिना धूत होती, म्हणजे घाण पाणी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर लोटत होती. ती मला जूडिथ न म्हणता येहुदित म्हणायची, जणू माझं नाव मीच चुकीचं उच्चारत होते.

"शेजारच्या घरात कोण आलंय?" मी हिब्रूत विचारलं.

"कोणी नाही. कंपनीचं सिमेंट ठेवलंय तिथे."

"मग पोम्पाचा आवाज कोणाचा येतो?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची चेष्टा करते आहे. "तुझाच, येहुदित. मी स्वतः तुला सांगणार होते. शुक्रवारचं ठीक आहे. पण तू रोज दुपारी दोन ते चार, माणसं झोपलेली असताना, दोन-दोन तास ते काय करतेस? माझा नवरा रात्रपाळीचा आहे."

"मी फक्त शुक्रवारी करते. दहा मिनिटं."

"माझ्या पलंगाच्या बरोबर खाली तुमची न्हाणी आहे," ती म्हणाली. "मी रोज ऐकते. मंगळवारी मी काठीने जमिनीवर ठोकलं. तू थांबली नाहीस."

मंगळवारी दुपारी मी कारखान्यात चारशे माणसांची ताटं धूत होते, मेनाशे बाटल्या भरत होता आणि आमच्या घराला कुलूप होतं. हे मी तिला सांगितलं नाही. अशा बायकांना खुलासे देत बसलं तर त्या डोक्यावर बसतात. मी म्हटलं, "सालं टाकायची बंद कर, म्हणजे आवाजही बंद होईल," आणि खाली आले.

घरात येऊन मी न्हाणीचं दार लावून घेतलं. नंतर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले, आणि बराच वेळ तिथे बसून तांदूळ निवडले. निवडायला त्या तांदळात काही नव्हतं.

४

मी कंपनीच्या कचेरीत तीन खेपा घातल्या तेव्हा उझी आला. उझी म्हणजे आमच्या भागाचा दुरुस्तीवाला. इथेच जन्मलेला, उघड्या छातीचा, पायात सपाता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हिब्रूत आदरार्थी बोलायची सोयच नाही, आणि असती तरी उझीने ती वापरली नसती.

"तू ती हिंदी बाई ना, पाईपमध्ये शेजारीण ऐकणारी?" त्याने विचारलं.

कचेरीतल्या पोरींनी माझी गोष्ट सगळ्यांना सांगितली होती.

त्याने शेजारचं कुलूप उघडलं. कुलपावरून खरंच वाळू पडली. आत सिमेंटच्या गोण्या होत्या आणि जमिनीवर पिठासारखी करडी धूळ, तिच्यावर एकही पाऊल नाही. आम्ही न्हाणीघरात गेलो. तिथे काही बसवलेलंच नव्हतं. भांडं नाही, नळ नाही, जाळी नाही. जिथे भांडं असायला हवं तिथे पाईपचं तोंड सिमेंटने बुजवलेलं होतं.

"बघितलंस?" उझी म्हणाला. "इथून तुझी शेजारीण काय करणार?"

मी खाली बसून बघितलं. चार इंची पाईप बुजवायला पसाभर सिमेंट पुरतं. इथे घमेलंभर ओतलं होतं, त्यात मोठे दगड दाबले होते आणि सगळ्याखाली एक लोखंडी पत्रा घातला होता, त्याची कड बाहेर दिसत होती. हे काम कोणीतरी घाईने केलं होतं, पण कंजूषपणाने नाही. त्या ढिगाला एका बाजूने केसासारखी चीर गेली होती.

"एवढं सिमेंट कशाला?" मी विचारलं.

"सरकारी सिमेंट. कोणाच्या बापाचं." त्याने चिरेवरून अंगठा फिरवला. "उन्हाने झालंय. ऐक. तुझ्या बाजूला काहीतरी अडकलंय. तू ढकलतेस, पुढे हे बंद, दाबलेली हवा मागे येते, म्हणून पाणी वरखाली होतं. बाकी सगळं तुझ्या डोक्यात."

"आणि एक जास्त का येतो?"

"काय एक जास्त?"

"मी दहा मारले की अकरा येतात."

तो हसला. मोठ्याने नाही, नाकातून. मी वर्गात ढ मुलांकडे बघून असं हसायचे, म्हणून मला ते हसू ओळखता आलं. तो म्हणाला, "सणांच्या आधी मला वेळ नाही. तुझ्या नवऱ्याला सांग, हे फोड, वर ओलं फडकं दाबून धर, आणि तू पलीकडून पोम्पा मार. जे अडकलंय ते सुटेल." त्याने जुडग्यातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर न देता गोणीवर टाकली.

मी ती उचलली. परत जाताना माझ्या मनात भीतीचं नाव नव्हतं. हवा दाबली जाते, मागे येते. खुलासा उत्तम होता. मला फक्त त्या माणसाला आणि वरच्या बाईला दाखवून द्यायचं होतं, की हे काम कसं करतात.

५

मंगळवारी आम्हा दोघांनाही सुट्टी मिळाली. खामसीन, म्हणजे वाळवंटातला तापलेला वारा, सुटला होता, आकाश पिवळं पडलेलं. दुपारचे दोन वाजले होते आणि गाव झोपलं होतं.

मेनाशेने सकाळपासून दोनदा चहा घेतला होता. मी छिन्नी, हातोडी आणि पिळलेलं फडकं त्याच्या पुढे ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "जूडिथ, राहू दे ना. एवढं सिमेंट कोणी उगीच घालत नाही. काहीतरी विचार करूनच घातलं असेल."

"तुमच्या भित्रेपणाला विचार म्हणू नका."

"मी भितो म्हणूनच सांगतोय."

"पंधरा वर्षं तुम्ही पायरीवर बसलात आणि मी घाण उपसली," मी म्हटलं. "आज एक फडकं धरा. तेवढं तरी तुमच्याकडून होतंय का बघू दे."

हे बोलताना मी आवाज चढवला नव्हता. तो गेला.

मी माझ्या न्हाणीत तयार होऊन उभी राहिले. जाळीत फडकं कोंबलं, टोपीला व्हॅसलीन लावलं. भिंत पातळ होती. पलीकडे हातोडीचे घाव सुरू झाले. अर्धा तास ते चालले होते. मध्येच थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. मग पत्रा सरकवल्याचा खरखराट ऐकू आला.

"फुटलं," मेनाशेचा आवाज आला.

"आत काय आहे?"

"काही दिसत नाही." थोडा वेळ गेला. "वास नाही गं."

"म्हणजे?"

"वासच नाही. आणि कोरडं आहे. हात घातला मी. इकडे कधी पाणी आलेलंच नाही, जूडिथ. इकडून कोणी काही ढकललेलं नाही."

नाक धरून पळणाऱ्या माझ्या नवऱ्याने पाईपमध्ये हात घातला होता. दुसऱ्या एखाद्या बाईला त्याचं काहीतरी वाटलं असतं. मला घाई झाली होती. "फडकं दाबा," मी म्हटलं, आणि टोपी तिरपी करून पाण्यात उतरवली.

पहिला दाब हलका. मग दोन, तीन, चार. पाणी जड होतं. सहाव्या दाबाला दांड्यात काहीतरी हललं, तळाशी, वाकणाच्या पलीकडे. घाणीचा गोळा सरकतो तेव्हा तो सैल होत जातो. हे तसं नव्हतं. हे आवळून पुढे सरकत होतं.

"येतंय," मेनाशे म्हणाला.

"मग धरा घट्ट."

"जूडिथ, हे पाणी नाही. फडक्याखाली लागतंय हाताला."

"काय लागतंय?"

मी दहा पुरे केले आणि थांबले. भांड्यातलं पाणी स्थिर होतं. मी वाट बघितली. या वेळी पलीकडून काहीही आलं नाही, एकही नाही. मग मेनाशेचा आवाज आला, अगदी भिंतीला तोंड लावल्यासारखा जवळून. "बस कर. ते माझा हात चाचपतंय. जूडिथ, ऐक माझं, आता मागे ओढ. जोरात ओढ."

ओढायचं कसं ते मला येत होतं. एका हिसक्यात मी ते परत माझ्याकडे घेतलं असतं.

मी ढकललं. पुढे पुष्कळदा मी स्वतःला विचारलं, की का. भीतीने हात गोठले, मला ऐकू आलं नाही, असं काहीही सांगता येईल. पण मला स्पष्ट ऐकू आलं होतं. मला त्याच्या त्या आर्जवी आवाजाचा तिटकारा आला, इतकंच. पंधरा वर्षं साठलेला तिटकारा खांद्यांतून दांड्यात उतरला, आणि मी आणखी दहा दाब मारले, पहिल्यापेक्षा जोरात, आणि अकरावाही मारला.

अकराव्याला सगळं सुटलं. दांडा एकदम हलका झाला. पाणी स्वच्छ आवाज करत गेलं, तसं सात वर्षांत एकदाही गेलं नव्हतं, आणि भांडं तळापर्यंत पांढरं दिसलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार आनंद झाला.

६

"झालं," मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं. "बघितलंत?"

मी भिंतीला कान लावला.

मी तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला वरच्या मजल्यावर गेउलाच्या पलंगाची स्प्रिंग वाजली. पलीकडे काही नाही. मी अनवाणी, ओल्या हातांनी बाहेर आले. उन्हात पायरी तापली होती. शेजारचं दार उघडं होतं, किल्ली कुलपात लटकत होती. मी गोण्यांच्या मधून न्हाणीघराकडे गेले. त्याचं दार आतल्या बाजूला उघडत असे आणि ते अर्धं उघडं होतं. मी कडी धरून ते आत लोटलं. ते पूर्ण गेलं नाही. भिंतीला टेकायच्या आधी कशाला तरी मऊ टेकलं.

मेनाशे समोरच्या कोपऱ्यात उभा होता, पाठ भिंतीला लावून. त्याचे हात पुढे होते, तळवे वर, जणू कोणी त्यांत काही ठेवणार होतं. हात कोरडे होते. पाईपचं तोंड उघडं होतं.

"फडकं कुठे आहे?" मी विचारलं. माझ्या तोंडून तेच आलं.

"घेतलं," तो म्हणाला.

मग मला जमीन दिसली. उझीने दार उघडलं तेव्हा पिठासारखी सपाट असलेली ती धूळ. पाईपच्या तोंडापासून तिच्यावर ओल्या कड्या उमटल्या होत्या. गोल, नीट, वितीएवढ्या, पोम्पाची टोपी ओल्या फरशीवर टेकून उचलली की उमटते तशा. एकीपासून दुसरी पावलाच्या अंतरावर. त्या मेनाशेकडे गेल्या होत्या. त्याच्या पायांभोवती एक फेरा पुरा केला होता. आणि तिथून सरळ दाराकडे आल्या होत्या, मी धरलेल्या दाराकडे, आणि त्याच्या मागे गेल्या होत्या. परत जाणारी एकही नव्हती.

मी मोजल्या नाहीत. माझ्या आयुष्यात एवढीच गोष्ट मी मोजली नाही.

"जूडिथ," मेनाशे म्हणाला. हळू बोलत होता, पण आर्जव नव्हतं. त्याने मला कधी हुकूम केला नव्हता, तो त्या दिवशी केला. "कडी सोड. हळूच. दाराकडे बघू नको. माझ्याकडे बघ आणि मागे मागे चाल."

मी कडी सोडली. दार माझ्याकडे दोन बोटं परत आलं आणि पलीकडून तो आवाज झाला, रबर सुटल्याचा. मी मेनाशेचं ऐकलं, जवळजवळ सगळं. मागे पाऊल टाकताना माझी नजर दार आणि चौकटीमधल्या, बिजागरीकडच्या फटीवर गेली. फट बोटभर रुंद होती. त्या फटीत मला आमचं फडकं दिसलं, माझ्या जुन्या साडीचं, निळ्या काठाचं. ते जमिनीपासून माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर होतं, ताणून बसवलेलं. ते आत जात होतं आणि बाहेर येत होतं. आत जाताना त्याच्यामागे गोल खळगा दिसायचा.

यापलीकडे मी काही बघितलं नाही. मेनाशे माझ्याकडे तोंड करून, पाठ भिंतीला घासत बाहेर आला, आणि आम्ही त्या घरातून निघालो.

७

आम्ही आमच्या घरात परत गेलो नाही. बेरशेबाची बस तीन वाजून वीस मिनिटांनी होती. मी अनवाणी होते, अंगावर घरातला झगा होता. थांब्यावरच्या एका म्हातारीने माझ्या पायांकडे बघून चकचक केलं. एरवी मी तिला बघून घेतलं असतं.

बस सुटून गाव मागे पडलं तेव्हा मी विचारलं, "काय होतं ते?"

मेनाशे आधी माझ्याकडे तोंड करून तिरका बसला. मग म्हणाला, "मला काय विचारतेस? तुझ्या बाजूने आलं ते."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"तुम्हाला काही केलं नाही त्याने?"

"नाही. माझ्याभोवती एकदा फिरलं, आणि सोडून दिलं. माझ्यात त्याच्या कामाचं काही नव्हतं." तो हे रागाने म्हणाला नाही. कारखान्यात फुटकी बाटली बाजूला ठेवताना सांगावं तसं म्हणाला. "मग दारामागे जाऊन उभं राहिलं. तू हाका मारत होतीस ना. तू येणार हे त्याला कळलं होतं."

बेरशेबाला बस बदलून आम्ही अश्दोदला गेलो.

माझा भाऊ सॉलोमन अश्दोदला बंदरात होता. त्याच्याकडे तीन महिने राहिलो, मग मेनाशेलाही बंदरात काम लागलं आणि घर मिळालं. येरुहामचं सामान सॉलोमनने टेम्पोने आणलं. शेजारचं घर उघडंच होतं, तो म्हणाला. आत सिमेंटच्या गोण्या होत्या, बाकी काही नाही, आणि फरशी पुसून घेतल्यासारखी लख्ख होती. आमच्या घरात मात्र पाणी कुठेही तुंबलेलं नव्हतं, असंही त्याने कौतुकाने सांगितलं. मी पोम्पाबद्दल विचारलं नाही आणि त्याने तो आणला नाही.

याला आता तेरा वर्षं झाली. उझीचा खुलासा मी अजूनही अधूनमधून मनात घोळवते. हवा दाबली जाते, मागे येते. उन्हाने माणसाचं डोकं फिरतं. खामसीनमध्ये कोर्टसुद्धा म्हणे शिक्षा कमी करतं. दिवसा हे सगळं पटतं.

मेनाशेला मी आता टाकून बोलत नाही. शब्द तोंडापर्यंत येतात, आणि मी ते गिळते. तो मात्र पूर्वीपेक्षा शांत आहे. मी स्वयंपाक करते तेव्हा समोर खुर्ची घेऊन बसतो. मी बाजारात निघाले की बरोबर येतो, माझ्या मागून, दोन पावलं अंतर ठेवून. मी खोलीत आले की तो जिथे असेल तिथे भिंतीला टेकून वळतो आणि माझ्याकडे तोंड करतो. माझी रोझवहिनी हे बघते आणि तिचे डोळे भरून येतात. परवा सॉलोमनच्या मुलीच्या लग्नात तिने बायकांच्या घोळक्यात मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "नवरा असावा तर मेनाशेभावोजींसारखा. इतकं काय काय झालं, पण माझ्या नणंदेकडे त्यांनी कधी पाठ फिरवली नाही."

बायकांनी माना डोलवल्या. मीही डोलवली. खरंच आहे ते. त्या दुपारपासून आजपर्यंत मेनाशेने माझ्याकडे एकदाही पाठ फिरवलेली नाही. झोपेतसुद्धा नाही.